लॉर्डसाहेबांची जयंती

ग्लेन वेव्हर्लीतला आमचा रस्ता एका इंग्रज लॉर्डच्या नावाचा आहे. तो कोण, हे शोधायची बुद्धी मला दहा वर्षांत झाली नाही. पुण्याहून राहायला आलेल्या बाबांना ती पहिल्याच आठवड्यात झाली. लायब्ररीतून त्याचं जाडजूड चरित्र आणून त्यांनी ते कागदाच्या खुणा घालत वाचून काढलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा माणूस तीनदा मंत्री झाला, दोनदा तत्त्वासाठी राजीनामा देऊन घरी बसला, तिसऱ्यांदा सरकारच पडलं म्हणून बसला आणि मजुरांना मताचा हक्क मिळावा म्हणून सख्ख्या भावाशी भांडला. इथे ऑस्ट्रेलियात मात्र तो कधी आलाच नाही.

"शनिवारी त्याची जयंती आहे," बाबांनी जाहीर केलं.

मी वैतागले, पण ऐकतंय कोण. गराजमध्ये खुर्चीवर फोटो ठेवला, हार घातला, नारळ फोडला. अध्यक्षपदी शेजारच्या आजी. त्या चाळीस वर्षं या रस्त्यावर राहतात. चहाबरोबर खायचे घरी भाजलेले स्कोन्स घेऊन आल्या होत्या. बाबांनी अर्धा तास इंग्रजीत भाषण ठोकलं. प्रत्येक राजीनाम्याला आजींनी टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग त्याचं सरकार पाडलं कुणी?"

बाबांनी नाव सांगितलं. आजी खो खो हसत सुटल्या, कारण आमच्या मागच्याच रस्त्याला त्या माणसाचं नाव आहे.

"माहितेय मला," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "त्याची पुढच्या शनिवारी आहे. हार फ्रीजमध्ये ठेव."