तोंडाला रुमाल बांधलेला इसम

चौतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो होते. 'आरोपीने तोंडाला रुमाल बांधलेला असल्याने साक्षीदार त्यास ओळखू शकला नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं असेल की पहिले दोन शब्द कानावर आले की पुढचं बोटं आपोआप उमटवायची. साक्षीदार बाई समोर पिंजऱ्यात उभी असायची, गळ्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत. मी वर बघायचे नाही. बघितलं की एखादा शब्द सुटायचा.

मी लग्न केलं नाही. ठरवून केलं नाही असंही नाही. आई लवकर गेली, भाऊ-बहीण नव्हते, वडिलांचं बघता बघता ते राहून गेलं. वडील ऐन विशीत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. मग खडकीच्या कारखान्यात लागले आणि शेवटी विश्रांतवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन स्थिरावले. मी नोकरीत कायम झाले त्या दिवशी त्यांनी मला एक बारीक सोन्याची साखळी आणली, तिच्यात बोटाच्या नखाएवढं बुद्धाचं पदक. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी ते गेले. तोपर्यंत मला वाटायचं की मला एकटं राहायची सवय आहे. वडील घरात होते म्हणून तसं वाटत होतं, हे ते गेल्यावर कळलं.

निवृत्तीनंतर दिवसभरात तोंड उघडायची वेळ फारशी यायची नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. भाजी मोबाइलवर मागवता येऊ लागली, तेव्हा मी मुद्दाम ती सोडून मंडईत जाऊ लागले. निदान "पालक कसा दिला?" एवढं तरी बोलता यावं म्हणून.

तो जानेवारीतला मंगळवार होता. सकाळचे सात वाजून गेले होते, चांगलं उजाडलं होतं. मी रोजच्यासारखी चालून परत येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल हळू होऊन माझ्याजवळ थांबली. चालवणाऱ्याचं डोकं हेल्मेटमध्ये. मागे बसलेल्याने काळ्या कापडाने नाकापासून हनुवटीपर्यंत तोंड झाकलेलं, वर टोपी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुण्यात थंडीत आणि धुळीत निम्मं गाव तोंड बांधून फिरतं.

"काकू, धानोरीला इकडून जाता येतं का?" मागच्याने विचारलं.

मी सांगायला लागले. सरळ जा, चौकात उजवीकडे वळू नका, तिथे खोदून ठेवलंय, त्यापेक्षा पुढच्या शाळेवरून जा. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे धानोरीत कुठे जायचंय ते विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं, तर मी तिथला जुना रस्ता कसा होता आणि आता कसा झालाय तेही सांगितलं. तो मान डावीकडे कलती करून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "सावकाश सांगा काकू, घाई नाही."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. रविवारपासून माझ्याशी कोणी चार वाक्यं सलग बोललं नव्हतं. मला बरं वाटत होतं.

मग त्याने हात पुढे केला. मला वाटलं, रस्ता कुठला ते बोटाने विचारतोय. साखळीला हिसका बसला, मी पुढे ओढली गेले आणि डाव्या हातावर पडले. गाडी निघून गेल्यावर मला मनगट दुखतंय हे समजलं. साखळी गेली, पदकही गेलं.

पोलीस ठाण्यात हवालदार जबाब लिहून घेत होते. "पत्ता विचारण्याच्या बहाण्याने थांबून, तोंडाला रुमाल बांधलेल्या इसमाने..." त्यांनी वाचून दाखवलं. मी कागदावर बघून म्हटलं, "'बहाण्याने'तला काना राहिलाय आणि रुमाल नव्हता, कापड होतं."

ते म्हणाले, "मॅडम, रुमालच लिहितात."

रुमालच लिहितात हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. किती वेळ बोलत होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "एखादं मिनिट" म्हणाले. पाच-सहा मिनिटं तरी झाली होती.

मनगटाला प्लास्टर घातलं आणि माझ्या घराची बेल वाजू लागली. सोसायटीत मी सव्वीस वर्षं राहतेय, पण तळमजल्याच्या काकू पहिल्यांदा आत आल्या ते तेव्हा. डबे आले. कोणी पोहे आणले, कोणी आमटी. सोसायटीचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रोज सकाळी "काय म्हणतोय हात?" म्हणून विचारून जायचे. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी, खराडीला आयटीत नोकरी करणारी मुलगी माझे केस धुऊन द्यायला आली. केसांवर दुसऱ्या कोणाचा हात फिरून किती वर्षं झाली होती, ते मी मनातल्या मनात मोजलं नाही.

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी सभा बोलावली. मला चढउतार नको म्हणून सभा माझ्याच घरी. आठ-दहा माणसं आली. अध्यक्ष म्हणाले, "आपण आमदारांना निवेदन द्यायचं. गृहखात्यालाही. मागणी एकच. तोंड झाकून गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट. उघड्या तोंडाने चोरी करणारा निदान पकडला जायची जोखीम घेतो. हे लोक तीही घेत नाहीत."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी म्हटलं, "पोलीस कायद्यात एक जुनं कलम आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणी वाईट हेतूने तोंड झाकून सापडला तर शिक्षा."

"आणि दिवसा?"

"दिवसाचं त्यात काही नाही."

"म्हणजे चोरांनी दिवसा यावं अशी सोय केलेली आहे," अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. माझ्या घरात इतकी माणसं एकत्र हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मसुदा माझ्याकडेच आला. चौतीस वर्षं दहा बोटांनी टाइप केलेली मी पाच बोटांवर आले होते, तरी मी जीव ओतून लिहीत होते. तीन रविवार बैठका झाल्या. मी आदल्या दिवशी दूध जास्त घ्यायचे, आलं किसून ठेवायचे. दुसऱ्या बैठकीला आयटीवाली मुलगी म्हणाली, "पण काकू, आम्ही रोज स्कार्फ बांधूनच गाडी चालवतो. उद्या सिग्नल तोडला तर मला डबल शिक्षा का?" त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी मी 'ओळख लपवून गुन्हा करण्याच्या उद्देशाने' असे शब्द घातले. अध्यक्ष म्हणाले, "वा. याला म्हणतात कोर्टातला माणूस." रात्री झोपताना ते वाक्य आठवून मी हसले होते, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या बैठकीनंतर ठाण्यातून फोन आला. एक संशयित सापडला होता, येरवड्याला तुरुंगात ओळख परेड होती.

अध्यक्ष स्वतःच्या गाडीने मला घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "नीट बघा. तुम्ही ओळखलंत की निवेदनाला जोर येईल. ज्येष्ठ नागरिक, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, स्वतः फिर्यादी. कोण नाही म्हणेल?"

ते बाहेर थांबले. आत नायब तहसीलदार होते आणि दोन पंच. भिंतीशी सात माणसं ओळीने उभी, साधारण एका वयाची, एका बांध्याची. सगळ्यांची तोंडं उघडी. मला एकदम अवघडल्यासारखं झालं. इतकी तोंडं, आणि नाकाखालचा नेमका तो भाग मी त्या माणसाचा पाहिलेलाच नव्हता. मी फक्त डोळ्यांकडे बघत पुढे गेले.

तहसीलदार म्हणाले, "सावकाश बघा. ओळख पटली तर त्या माणसाला हात लावून दाखवायचं."

ते बोलत असताना तिसऱ्याने मान डावीकडे कलती केली.

मी शेवटपर्यंत गेले, परत आले, त्याच्यापुढे थांबले. डोळे तसेच वाटत होते. तसे म्हणजे कसे, हे मला सांगता आलं नसतं. हात उचलायचा, त्याच्या खांद्याला लावायचा, एवढंच होतं. बाहेर अध्यक्ष उभे होते. घरी येताना सगळे जिन्यात जमले असते. पुढचे कितीतरी रविवार माझ्या घरी चहा झाला असता.

आणि मला तो जुना आवाज ऐकू येत होता, बचाव पक्षाच्या कुठल्याही वकिलाचा: "बाई, तुम्ही आरोपीचा चेहरा पाहिला होता का? हो किंवा नाही सांगा."

मी तहसीलदारांना विचारलं, "यांना काही बोलायला सांगता येईल का?"

"ते परेडमध्ये नसतं, मॅडम."

"मग मी ओळखू शकत नाही. त्या माणसाचा चेहरा मी पाहिलेलाच नाही."

त्यांनी पंचनाम्यात तसं लिहिलं. मी सही केली.

परतताना विश्रांतवाडीच्या चौकात अध्यक्ष म्हणाले, "एकही नाही?"

"एकावर संशय आला. खात्री नव्हती."

"संशय आला होता," ते म्हणाले. पुढे घर येईपर्यंत ते गाडी चालवण्यातच गुंतले होते.

त्या रविवारी बैठक झाली ती त्यांच्या घरी. मला निरोप होता, मीही गेले. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "आपण यांच्यासाठी एवढं करतोय आणि ह्याच सोडून देतात." मी समजावण्याचा प्रयत्न केला. म्हटलं, "अहो, शिक्षा दुप्पट करा, चौपट करा. तोंड झाकलेल्याला शिक्षा होत नाही ती कमी आहे म्हणून नाही, तो तोच हे सिद्ध होत नाही म्हणून. आणि शिक्षा जितकी मोठी, तितकं बोट दाखवताना..." वाक्य पुरं करू दिलं नाही कोणी. कोणीतरी म्हणालं की कायद्याचा कीस नको. आयटीवाली मुलगी आली नव्हती, तिची ऑफिसची मीटिंग होती. ती पुढच्या महिन्यात दुसरीकडे राहायला गेली.

निवेदन गेलं. मीच टाइप केलेलं, मीच तपासलेलं. आधीच्या प्रतीवर पहिली सही माझी होती, ती मात्र नव्या प्रतीत नव्हती. काही महिन्यांनी उत्तर आलं की आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे. अध्यक्षांनी ते नोटीस बोर्डावर लावलं. डबे मी केव्हाच धुऊन, त्यांत थोडी साखर घालून परत केले होते. रिकामा डबा परत करायचा नसतो.

प्लास्टर निघालं. मनगट अजूनही थंडीत दुखतं.

वर्षभराने माझ्या जुन्या कोर्टातल्या सहकारी बाईंचा फोन आला. त्या अजून नोकरीत आहेत. म्हणाल्या, "तुझ्या ओळख परेडमधला तो संशयित, त्याच्यावर दुसऱ्या एका बाईंची केस उभी राहिलीय. त्यांची साखळी त्याच्याकडे सापडली म्हणे. बुधवारी आरोप वाचून दाखवणार आहेत. यायचं असलं तर ये."

मी बसने गेले. कोर्टात मागच्या बाकावर बसले, जिथे मी कधी बसले नव्हते. आरोपी आणला. परेडमध्ये तिसरा उभा होता, तोच हा. त्याने पुन्हा मान कलती केली. न्यायाधीश बोलत असताना तो सारखी तशीच करत होता. मग माझ्या लक्षात आलं की त्याला एका कानाने कमी ऐकू येत असावं.

"गुन्हा कबूल आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

त्याने तोंड उघडलं आणि शब्द येईना. "न... न... नाही, सा... साहेब." काय काम करतोस, हे विचारलं. "पं... पंक्चर..." पुढचा शब्द त्याच्या घशातच अडकला. वकिलांनी वाक्य पुरं करून दिलं. लोकांना सवय असावी, कोणी हसलं नाही.

माझ्याशी बोललेला माणूस न अडखळता बोलला होता. मऊ, स्वच्छ, घाई नसलेलं बोलणं. हा तो नव्हता. याने त्या दुसऱ्या बाईंची साखळी घेतली असेल, नसेलही, ते त्या कोर्टाने ठरवावं. पण येरवड्याला मी हात उचलून त्याच्या खांद्याला लावला असता, तर न केलेल्या एका गुन्ह्याबद्दल तो माझ्या शब्दावर उभा राहिला असता. आणि माझ्या मसुद्याप्रमाणे कायदा झाला असता, तर दुपटीने.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याचबरोबर हेही कळलं की तो खरा माणूस अजून कुठेतरी आहे आणि त्याला कोणीही, कधीही ओळखणार नाही. मीसुद्धा. तो भाजी घेताना माझ्या शेजारी उभा असेल.

घरी परतले तेव्हा अध्यक्ष खाली नातवाला झोक्यावर बसवून झोके देत होते. मी थांबून सांगितलं, "आज कोर्टात गेले होते. तो आपला माणूस नव्हता. अगदी खात्रीने नव्हता."

"कोण?" ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "हां, ते होय. चला, बरं झालं." नातू "अजून जोरात!" म्हणाला, म्हणून त्यांनी झोक्याला हात दिला.

मी आणखी थोडी थांबले. मला त्या आरोपीच्या अडखळण्याबद्दल सांगायचं होतं, त्याच्या कानाबद्दल, मागच्या बाकावरून कोर्ट किती वेगळं दिसतं त्याबद्दल. ते झोके देत राहिले. मग मी वर आले, कुकर लावला, आणि भात होईपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहून मी ते सगळं एकदा, सावकाश, मोठ्याने सांगितलं.