हंगेरियन प्रत्ययांची यादी

त्या यादीची आठवण आली की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. आम्ही अमेरिकेत, ट्रॉय नावाच्या गावात राहत होतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी घरात. पुण्यात भाषाविज्ञानात एम.ए. केलेली, चार वर्षं कॉलेजात शिकवलेलं, पण माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. बसा घरी.

एके दिवशी नवरा वैतागून आला. कंपनीचा हंगेरीत कारखाना होता आणि तिथले लोक इथल्या सॉफ्टवेअरचे स्क्रीनवरचे हंगेरियन मेसेज वाचून हसत होते. 'खोक्यात', 'गोदामात' यातल्या 'त'साठी नवऱ्याच्या टीमने सगळ्या शब्दांना एकच प्रत्यय चिकटवून दिला होता.

"जोडला की झालं असं वाटलं यार सगळ्यांना," तो म्हणाला.

झालं कसलं डोंबल. आपल्याकडे 'शाळा'चं 'शाळेत' होतं, शब्द वाकतो. हंगेरियनमध्ये शब्द तसाच राहतो आणि प्रत्यय आपला स्वर बदलतो. शब्दात आ, ओ, ऊ असे तोंडाच्या मागच्या बाजूचे स्वर असले तर 'बॉन', ए-ईसारखे पुढचे असले तर साधारणपणे 'बेन'. हाझ म्हणजे घर, घरात हाझबॉन. केर्त म्हणजे बाग, बागेत केर्तबेन.

हे मला शेजारच्या हंगेरियन म्हातारीकडून कळलं. तिला मी नेनी म्हणायचे, म्हणजे आपली मावशीच. नवऱ्याने कंपनीच्या शब्दांचा गठ्ठा आणून दिला आणि दोन महिने रोज सकाळी मी नेनीच्या स्वयंपाकघरात बसून एकेक शब्द तिच्याकडून म्हणून घेतला. कुणाला 'बॉन', कुणाला 'बेन' याची यादी केली, नियम मोडणारे वेगळे काढले. 'हीद' त्यातलाच. हीद म्हणजे पूल, आणि गाडीवाल्यांच्या भाषेत एक्सल. स्वर ई, म्हणून मी 'बेन' लिहिलं. नेनीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खोडून 'बॉन' केलं. का, तर तिची आई तसं म्हणायची. मग मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. फार पूर्वी त्या शब्दात मागचा स्वर असावा, असं म्हणतात. तो स्वर कधीच गेला, प्रत्यय मात्र अजून त्याचंच ऐकतो. त्या देशात आल्यापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

यादी नवऱ्याने ऑफिसात दिली. वर स्वतःचं एकट्याचं नाव घालून.

"अरे, निदान खाली तरी माझं नाव टाकायचंस," मी म्हटलं.

"अगं, तुला वर्क परमिट नाही. उद्या कुणी विचारलं ही कोण, तर प्रॉब्लेम होईल. आणि घरातल्या घरातच आहे ना? तुझाही टाइमपास झाला."

टाइमपास म्हणे. जीव तोडून केलेल्या कामाला हा माणूस टाइमपास म्हणत होता. परमिटचं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, त्यामुळे धड भांडताही येईना, आणि त्याचाच जास्त संताप आला. चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं, मला पुण्याची आठवण येतेय.

उन्हाळ्यात ऑफिसची पिकनिक झाली. त्याचा बॉस हातात प्लेट घेऊन आमच्या टेबलाशी आला. हंगेरीहून मेल आली होती की यादीत एक चूक नाही, 'हीद'सुद्धा बरोबर, हा माणूस शिकला कुठे?

"मलाही सांग, तुला हे कळलं कसं?" बॉसने कौतुकाने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कणीस खात राहिले. म्हटलं, सांग ना आता.

"ते... थोडा रिसर्च केला," तो म्हणाला.

कसला, कुठे, बॉस विचारत राहिला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नवरा नुसताच मान हलवत होता. मग मला राहवेना. परमिट गेलं खड्ड्यात, असं म्हणून मी कणीस खाली ठेवलं आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "ती यादी मी केली आहे."

बॉस हसायला लागला. नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, तुझी बायको मोठी गमतीशीर आहे.

आणि नवरा, माझ्याकडे न बघता, त्याच्यापेक्षा मोठ्याने हसला.