अकरा पेंग्विन आणि एक बेल

"आधी खिळो बघ, मगे कडी लाव." बर्फाच्या खोलीचं दार दिसलं की काका हे म्हणायचेच, आणि म्हणताना उलटी मूठ त्या दारावर दोनदा आपटायचे. दार कागदावर काढलेलं असलं तरी. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माझ्या नकाशावर त्यांनी अशी मूठ आपटली आणि माझा चहा सांडला, ती आमची पहिली भेट.

मुलुंडच्या एका मॉलच्या तळघरात बर्फाचं उद्यान करायचं काम आम्हाला मिळालं होतं. घसरगुंडी, बर्फाचा किल्ला, फायबरचे पेंग्विन. आराखडा माझा, बजेटही माझंच. बर्फाबद्दल माझं ज्ञान म्हणाल तर फ्रीजच्या वरच्या कप्प्याएवढं. म्हणून उद्यानाच्या मालकांनी काकांना आणलं. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, वडील गिरणीत. काकांनी स्वतः उभा जन्म वर्सोव्याकडच्या एका कारखान्यात, मासळीसाठी बर्फाच्या लाद्या करण्यात काढलेला. भर मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांचं काम त्यांच्या अंगावरून उतरतच नाही.

"लोक पैसे देऊन कुडकुडूक येतले?" त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

"येतील हो काका. सेल्फी काढतील."

"मगे झकास," असं म्हणून ते पुन्हा नकाशात दार शोधायला लागले.

खिळ्याची भानगड अशी. त्यांच्या कारखान्यात प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असे. बर्फाच्या खोलीत शिरताना तो दाराजवळच्या खिळ्याला लटकवायचा, बाहेर आलं की काढायचा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर बाहेरून कडी लावायची नाही, मग मालक का ओरडेना. इतक्या वर्षांत एकही माणूस आत अडकला नाही, हे ते छाती पुढे काढून सांगत.

मी हसले. "काका, आपल्याकडे दारावर माणसं मोजायचं मशीन आहे."

"मशीन गिऱ्हाईक मोजता. फावडेवालो खंयसून आत जातलो?"

फावडेवाला मागच्या दाराने जाणार होता. तिथे मशीन नव्हतं. मी विषय बदलला.

त्यांनी वहीच्या कागदावर मला एक यादी करून दिली. पहिलंच कलम, मागच्या दाराशी आतून वाजवायची बेल. तळघरात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून. मी मान डोलावली आणि यादी फाईलला लावली.

मग मालकांनी बजेट कमी करायला सांगितलं. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक असेल, अशा वेळी आपण महागड्या गोष्टींना हात लावत नाही. ज्यांच्याबद्दल कोणी विचारणार नाही अशा बारीकसारीक गोष्टी शोधतो. मी बेल खोडली. पेंग्विन अकराच्या अकरा राहिले.

उद्यान सुरू झालं आणि मालकांनी काकांना तिथेच देखरेखीला ठेवून घेतलं. त्यांनी मागच्या दाराबाहेर स्वतःच्या हाताने फळी ठोकली, खिळे मारले. येताजाता पेंग्विनांच्या डोक्यावर टपली मारत. "ह्येंका बरा, थंडी वाजत नाय."

एका सोमवारी, उद्यान बंद आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप असताना, काका दुपारी एकटेच बर्फ सारखा करायला आत गेले. कारखान्यातला त्यांचा जुना बिल्ला खिळ्यावर होता. पण सुरक्षारक्षक त्याच दिवशी नवीन आलेला. बिल्ल्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता. त्याने कडी घातली आणि तो जेवायला गेला. काका चाळीस मिनिटं आत होते. थांबलं की संपलं हे त्यांना माहीत होतं, म्हणून फावडं ढकलत गोल गोल चालत राहिले. सापडले तेव्हा मिशीवर बर्फ होता आणि फावड्यावरची बोटं सुटत नव्हती. त्यांना पुढच्या दाराने उचलून बाहेर आणलं.

मालकांनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिलं, "संबंधित कर्मचाऱ्याने आत जाण्यापूर्वी सुरक्षारक्षकास कळवले नाही." वाक्य खरं होतं. म्हणूनच लिहिताना हात अडला नाही. काकांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. बेल त्याच आठवड्यात बसली. मंजुरीला एक दिवससुद्धा लागला नाही.

काका शेवटचे भेटले ते मॉलच्या गेटबाहेर. हाताची बोटं अजून बँडेजमध्ये.

"बाय, यादीत पयली बेलच होती मां?"

"होती काका. पण ते वरून कट झालं."

वरून! माझ्या वर त्या कागदापुरतं तरी कोणीच नव्हतं. यादी माझ्या फाईलला, खोडणारं पेन माझ्या पर्समध्ये.

काकांनी बँडेजचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "मगे तुजो काय दोष? तू कित्याक रडतंस?" उलट तेच माझी समजूत घालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंडातून खरं निघालं नाही. जाताना म्हणाले, "माजो बिल्लो थंयच रवलो गो. तेवढो काढून ठेव."

काका गावी गेले असं नंतर कळलं. मी फोन केलेला नाही.

परवा एका कामासाठी तळघरात गेले होते. मागच्या दाराशी आता चकचकीत लाल बेल आहे, आणि बाहेर फळीवर काकांचा बिल्ला. तोच सुरक्षारक्षक उभा होता.

"मॅडम, हा बिल्ला कोणाचा हो? कधीपासून लटकतोय. काढू का?"

"राहू दे," मी म्हटलं. कोणाचा ते मात्र सांगितलं नाही.