चिंचोके उचलणारा हात

मांडीचं हाड मोडल्यावर मावशी माझ्याकडे राहायला आली. सामान फारसं नव्हतंच. एक सुटकेस, शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ आणि फणसाच्या लाकडाची पल्लांगुळी. माशाच्या आकाराची, मधोमध मिटणारी ती खेळाची पाटी आमच्या तंजावुरात अजून पुष्कळ घरांत सापडते. दोन ओळी, ओळीत सात खळगे, प्रत्येक खळग्यात पाच चिंचोके. आपल्या ओळीतला एक खळगा उचलायचा आणि पुढच्या खळग्यांत एकेक चिंचोका टाकत जायचं. कुठे चार जमले की ती 'गाय', ज्याची ओळ त्याची ती.

मावशीनं लग्न केलं नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत ती एकटीच राहायची. आता माझ्या घरात ती दिवसभर खुर्चीत बसून असायची आणि मी कॉलेजातून स्कूटरवरून येण्याची वाट पाहायची. मी आले की पाटी उघडायची. मी खेळायचे, पण एक डोळा फोनवर. कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. विद्यार्थ्यांचे निरोप संपत नाहीत.

एक दिवस तिनं आपले चिंचोके पाटीवर ठेवून दिले.

"तू खेळत नाहीस. मज खेळवत्येस," ती म्हणाली.

मला लाज वाटली. पण शहाणपणानं फोन बाजूला ठेवायचा, ते न करता मी यंत्र करायला घेतलं. माझं शिक्षणच तसं. अडचण दिसली की हात सोल्डरिंगच्या सळईकडे जातो.

जुन्या प्रिंटरांच्या मोटारी काढल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक हात जुळवला, वर कॅमेरा बसवला. मावशीनं कोणता खळगा उचलला एवढं कॅमेऱ्याला दिसलं की पुढचं सगळं गणित होतं. कोणत्या खळग्यात किती पडले हे यंत्राला मोजावं लागत नव्हतं. अडलं ते उचलण्यापाशी. चिंचोका गुळगुळीत, चपटा, चिमट्यातून सुटून खोलीभर पळायचा. मी चिंचोक्यांऐवजी लोखंडी छर्रे आणले आणि हाताच्या टोकाला चुंबक लावलं. झकास चाललं. मावशीनं पाच छर्रे मुठीत घेतले आणि लगेच परत ठेवले.

"गार लागतं. औषधाच्या दुकानात बसल्यासारखं," ती म्हणाली. "चिंचोकाच पाहिजे."

मग फिश टँकचा छोटा पंप उलटा जोडला, नळीच्या टोकाला डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरचं रबर बसवलं. हवेनं चिंचोका ओढून धरला जाऊ लागला. तीन रविवार मी जमिनीवर बसून रबराची कड ब्लेडनं कापत होते आणि मावशी खुर्चीतून सूचना करत होती. "आणिक थोडं. पुरे. आतां टाक बघू." बाराव्या की तेराव्या रबराला चिंचोका उचलला गेला, हवेत तरंगत पुढच्या खळग्यावर गेला आणि टप्प करून पडला. मावशीनं टाळ्या वाजवल्या. शाळेत वाजवायची तशा, बोटं तळव्यावर आपटून.

यंत्र चांगलं खेळायचं. पण होतं फार संथ. एका वेळी एकच चिंचोका उचलणार, नेणार, सोडणार, परत येणार. माणसाची पाळी चार श्वासांत संपते, यंत्राच्या पाळीला सहा-सात मिनिटं लागायची. एकदा मावशीच्या थरथरत्या बोटांतून दोन चिंचोके एकाच खळग्यात पडले. पुढे हिशेबातला चिंचोका खळग्यात सापडला नाही, तेव्हा यंत्रानं टीं टीं केलं आणि थांबलं.

"मज चोर म्हणत्ये ही?" मावशी रागावली. मी तो आवाज काढून टाकला.

यंत्राची पाळी संपेपर्यंत करायचं काय? मावशी बोलायची. मी शेजारी वेताचा मोडा ओढून बसायचे, कारण पंपाची नळी अधूनमधून निसटायची आणि ती मला धरावी लागायची. त्या सहा-सात मिनिटांत मी तिच्याकडून जेवढं ऐकलं तेवढं आधी कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या शाळेतला गळका वर्ग, नदीला पाणी सुटलं की वर्गातल्या मुली कशा पळायच्या, आईनं लहानपणी चिंचेच्या झाडावरून मारलेली उडी. माझी आई तिची धाकटी बहीण. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

एका दुपारी यंत्राची पाळी चालू होती. मावशी त्या हाताकडे पाहत एकदम म्हणाली, "तुझ्या आईचं गणित माझ्याहून चांगलं होतं, ठाऊक आहे तुज?"

ठाऊक होतं. माझ्या शाळेतली गणितं आई भाजी चिरता चिरता, मी पुरतं वाचायच्या आत सोडवायची.

"अप्पांनी, तुझ्या आजोबांनी, दोघींचे अर्ज मज दिले होते. त्रिचीच्या शिक्षिका प्रशिक्षणाचे. टपालात टाक म्हणाले. कोणी तरी सांगितलं होतं, एका घरातल्या दोघींस घेत नाहीत, एकीसच घेतील." यंत्राच्या हातानं एक चिंचोका सोडला. "मी माझाच टाकला."

"आणि आईचा?"

"चुलीत."

नळी निसटली होती, पंप नुसता फुसफुसत होता. मी ती बसवली नाही.

मावशी त्रिचीला गेली. आईचं वर्षभरात लग्न झालं, ती कुंभकोणमला गेली. दोन वर्षं आई तिच्याशी एक शब्द बोलली नाही. मग माझ्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली. मावशी तोवर शिक्षिका झाली होती. ती शाळेतून आली की दोघींमध्ये पल्लांगुळी उघडून ठेवायची आणि आई, तोंडातून ब्र न काढता, खेळायची. दोन महिने असं चाललं.

"एक दिवस मूठ भरली तिनं, अर्धे चिंचोके टाकले, आणि हात तसाच राहिला. म्हणाली, 'अक्का, मज घेऊन चल.' तो तिचा पहिला शब्द. त्या रात्री तू झालीस."

"तिला अर्जाचं कळलं होतं?"

"कळलं होतं. म्हणून तर बोलली नाही. पण पुसलं नाही कधी. मीही सांगितलं नाही. तुजच सांगत्ये."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. फिल्टरची कापी केली, तिचा पेला तिच्याजवळ ठेवला आणि माझा आत घेऊन गेले. पुढचे दोन दिवस मी पाटी उघडली नाही. तिला उठवताना, चालवताना मी तिचा दंड धरत होते, पण तिच्याकडे पाहत नव्हते. आई कुठल्या तरी वर्गात खडू घेऊन उभी आहे, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. मग वाटायचं, तसं झालं असतं तर इथे दंड धरायला मी कुठून असते. राग जायचा नाही आणि धरताही यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मी मोडा ओढला आणि विचारलं, "आई खेळायची कशी?"

मावशीनं डोळे पुसले आणि मग शिक्षिका जशी फळ्यापाशी उभी राहते तशी सरळ बसली. आई कधी कडेचा खळगा आधी उचलायची नाही. मधल्यापासून सुरुवात. गाय मिळत असली तरी पुढच्या दोन गाईंसाठी ती सोडायची. हरत असली की आणखी सावकाश खेळायची. मी एकेक गोष्ट वहीत लिहून घेतली आणि आठवडाभर यंत्राला तेच शिकवलं. मावशीला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी यंत्रानं मधला खळगा उचलला. मावशीनं मान वर केली. थोड्या वेळानं समोर गाय असताना हात ती सोडून पुढे गेला.

"कोणी शिकवलं हिज?"

"तूच."

मावशीनं आपला खळगा उचलला. चिंचोके मुठीत घेऊन किती तरी वेळ बसून राहिली. यंत्राची पाळी नव्हती, त्यामुळे तेही थांबून होतं. शेवटी म्हणाली, "गाय सोडली खरी, तुझी आईही हीच चूक करायची. बघ आतां." आणि तिनं तो डाव जिंकला.

त्यानंतर ती रोज खेळली. कधी जिंकायची, कधी हरायची. हरली की त्या ॲल्युमिनियमच्या हाताला आईच्या लाडक्या नावानं दोन शब्द सुनावायची. पोंगलनंतरच्या एका सकाळी झोपेतच गेली. आदल्या दिवशीचा डाव अर्धा राहिला होता. पाळी तिची होती.