भोंगातात्याची जीभ

ये गं सुमे, अशी जवळ बस. दारातच हसत काय सांगत होतीस, नवरा इतका घोरतो की शेजारी भिंत बडवतात? हसतेस काय, वेडे! घोरण्याचं कौतुक करू नये. माझ्या धाकट्या भावाचं ऐक, मग हस.

बारामतीच्या बाजारात तो गुळाचे लिलाव पुकारायचा. आवाज साखर कारखान्याच्या भोंग्यासारखा, म्हणून भोंगातात्या. दुपारी भाकरी खाऊन पोत्यांवर आडवा झाला की भोंगा आणखी मोठा. बाजारातले शहाणे एकमेकांना टाळ्या द्यायचे, "सुखाची झोप हाय बघा तात्याची! खाल्लेलं अंगी लागतंय." लागत होतंच, मान खांद्यात बुडाली होती. मध्येच घोरणं थांबायचं, श्वासही थांबायचा, तोंड काळवंडायचं, मग बुडता माणूस वर यावा तसा धापा टाकत उठायचा. यालाही हसायचे मेले. बैलाला धाप लागली तर डॉक्टर आणतील. माणसाला लागली की म्हणे सुख!

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा मी त्याला ओढतच पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "झोपेत यांची जीभ मागं पडते, श्वासाची वाट बुजते. जिभेच्या मुळाशी बारीक सुई टोचून आतून शेक देऊ. जीभ थोडी आक्रसेल. चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. उपचार नवा आहे, दोन-तीनदा यावं लागेल. आणि वजन उतरवा." तात्या खुर्चीतून उठलाच.

"आक्का, ह्या जिभेवर माझं पोट हाय. गुळाचा खडा ठिवला की सांगतो कंच्या गावचा, कऱ्हाटीचा का लोणी भापकरचा. ती भाजून घेऊ?"

"भाजत न्हाईत रं, शेकत्यात."

"एकच की! आई काय म्हणायची? खोटं बोललास तर जिभंला चटका दीन. उद्या बाजार म्हणंल, तात्या लिलावात खोटं बोलला, म्हणून त्याच्या जिभंला चटका बसला. मग माझ्या शब्दाला कोण इचारतंय?"

घ्या! श्वास कोंडला तरी चालेल, पण लोक काय म्हणतील? आणि लोक कोण, तर ते टाळ्या देणारे. परतीच्या येष्टीत बसल्या बसल्या घोरायला लागला.

पुढच्या हंगामात व्हायचं ते झालं. तात्यानं मान हलवली की सौदा पक्का, ही तिथली रीत. भर लिलावात उभ्या उभ्या डुलकी लागली, मान खाली गेली, आणि इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याचा चांगला पिवळाधमक गूळ पडेल भावात गेला. तो माणूस पेटलाच. "व्यापाऱ्याला मिळालास व्हय रं? खोटारड्या!" झोप लागली होती हे सांगायची तात्याला लाज वाटली. चटका न बसताच जीभ खोटी ठरली!

त्या संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला, "आक्का, जाऊ पुण्याला. शेकू दे. पर त्या गड्याचा फुडला गूळ मला पुकारू दे, मग."

"अरे, आधी श्वास बघ!"

"आधी शब्द."

पुढचा गूळ आला. तात्यानं असा पुकारला की व्यापारी इरेला पेटले. त्या दिवशी तिथं इतका भाव दुसऱ्या कुणाला मिळाला नाही. त्याच शेतकऱ्यानं त्याला मिठी मारली. "चुकलो तात्या," म्हणाला. तात्या हसला, भाकरी खाल्ली, पोत्यांवर आडवा झाला. थोडा वेळ भोंगा वाजला. मग थांबला.

आणि बाजार काय म्हणाला ठाऊक आहे? "हळू बोला रं, आज तात्या शांत झोपलाय." गाड्यासुद्धा लांब नेऊन लावल्या. उन्हं कलेपर्यंत कुणी हात लावला नाही त्याला. आयुष्यात कधी एवढी माया केली नव्हती त्यांनी, ती नेमकी तेव्हा सुचली.

आता हसायचं थांबलीस ना? मग पुढच्या खेपेला एकटी येऊ नकोस, जावईबापूंना आण. गूळपोळी करते. खातील, आडवे होतील, मी उशाशी बसून ऐकेन. घोरू देत खुशाल. गप्प झाले की मात्र गदागदा हलवून उठवीन, मग रागावले तरी रागावू देत. तिथून थेट डॉक्टरकडे. लवकर या गं दोघं.