बिनवशिंडाचे बैल

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गिरजामामी हळद-लोण्याची वाटी घेऊन आळीत निघायच्या आणि दिसेल त्या ट्रॅक्टरच्या बॉनेटला लोणी चोळायच्या. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं त्याला बजावून सांगायच्या. खांदेमळणीला बैलांना म्हणायचं हे वाक्य. पण दिंडोरीजवळच्या आमच्या गावात द्राक्षबागा वाढल्या, ट्रॅक्टर आले आणि बैल संपले. एकदा माझ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलच्या टाकीवर त्यांनी लोणी थापलं. मी कुरकुरलो, तर म्हणाल्या, "ओढती ना तुला? मग गप ऱ्हा, बैला!"

'बैला' ही त्यांची मायेची हाक. आळीतल्या यच्चयावत पुरुषांना ती मिळाली होती, सरपंचांनाही. मामी आमच्या शेजारी एकट्या राहायच्या, शेवंतीचा मळा सांभाळायच्या आणि स्वतःचं कौतुक स्वतःच करायच्या. "माझ्यावानी झूल पंचक्रोशीत कुणी शिवत नाय," हे त्या दर भेटीत ऐकवत, आणि ते खरंही होतं. दारातली जोडी गेल्यापासून मात्र त्यांच्या झुली पेटीत पडून होत्या. "डोळे मिटायच्या आधी एकदा दारात सजलेला बैल बघायचाय," एवढं एकच त्या हळू आवाजात बोलत.

ते ऐकून ऐकूनच आम्ही पोरांनी समिती केली आणि घाट घातला. खरे बैल नाहीत, तर फायबरचे उभे करू. प्रत्येक आळीला एक पांढरा बैल द्यायचा, तिनं तो रंगवायचा, सजवायचा आणि पोळ्याला सगळे रस्त्यावर मांडायचे. बाहेरच्या एका कारखान्याला ऑर्डर गेली. ट्रक आला, ताडपत्री निघाली आणि सगळा चौक हसत सुटला. बैल देखणे होते, धष्टपुष्ट होते, पण एकाच्याही खांद्यावर वशिंडाचा उंचवटा नव्हता! कारखानदाराचा साचा परदेशी बैलाचा. बैल म्हटल्यावर वशिंड आलंच, ते वेगळं काय सांगायचं, असं आम्ही धरून चाललो होतो.

"परत पाठवा, हसं नको," एकजण म्हणाला.

"वरून झूल टाकू. कोण बघतंय?" समितीतल्या शिवानं तोड काढली.

पोळा तोंडावर आला होता. बैल परत गेले असते, तर आमच्या आळीचा मामींच्या दारात उभा करायचा होता, तोही गेला असता. मामी मात्र त्या सपाट पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या.

"झाकायला ते काय पाप हे?" त्या शिवावर कडाडल्या. "नाय वशिंड, तर शिवू! लेकराला टोपरं शिवतो तसं. जा बैलांनो, घराघरातून एकेक जुनं लुगडं आणा."

मामींच्या ओट्यावर आळीतल्या बायका बसल्या. वशिंडात सगळ्यात आत मामींनी स्वतःचं हिरवं लुगडं भरलं आणि वरून गोधडीसारखे टाके घातले. बघता बघता बाकीच्या आळ्यांनीही तेच केलं. वरच्या आळीचं वशिंड डावीकडे कललं, पेठेतलं लाडवासारखं झालं. पण गावातला एकही बैल बिनवशिंडाचा राहिला नाही.

खांदेमळणीला मामी वाटी घेऊन आल्या. फायबरवरून लोणी ओघळत होतं. कापडाच्या वशिंडात मात्र ते मुरलं. "पितोय बघा! आता झाला जिता," मामी ओरडल्या आणि पदर डोळ्यांना लावून आवतण म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची झूल पांघरून बैल त्यांच्या दारात उभा होता. नाशिकहून, पार इंदिरानगरातून लोक बघायला आले. एका बाईंनी विचारलं, "वशिंड कापडाचं का हो?"

"आमच्याकडं बैलाला वशिंड गाव देतं," मामी म्हणाल्या. माझी छाती त्या दिवशी जी फुगली, ती अजून उतरलेली नाही.

त्या थंडीतच मामी गेल्या. यंदा गावात नव्या वस्त्या झाल्या म्हणून आणखी बैल हवे होते. कारखानदाराचा फोन आला, सगळी समिती ऐकत होती. "साचा दुरुस्त केलाय साहेब. या वेळी वशिंडासकट पाठवतो."

मी काही बोलायच्या आत शिवानं फोन ओढून घेतला. "नको, नको. बिनवशिंडाचेच पाठवा. वशिंड आमचं आम्ही घालतो."