कावळ्याला दिलेला शब्द

आषाढातल्या मंगळवारी जिजी गेली. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामावर होतो. तिने गॅसवर डाळ ठेवली होती. शेजारणीने फोन केला. मी घरी पोचलो तेव्हा गॅस बंद केलेला होता.

जिजी माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. रिटायर झाल्यावरही तिची शिट्टी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असे. लग्न तिचंही राहिलं, माझंही राहिलं, आणि त्यामागे सांगण्यासारखी काही कथा नाही. राजपुरा मोहल्ल्यातल्या घरात आम्ही दोघंच. मधली बहीण जवळच्या फोपनार गावी दिलेली, केळीवाल्यांच्या घरात. तिची मुलगी इथे कॉलेजात शिकते आणि तास संपले की बसची वेळ होईपर्यंत आमच्याकडे थांबते.

गेमचं मशीन या भाचीचं. घरी वडील ओरडतात म्हणून तिने ते दिवाळीनंतर आणून आमच्या टीव्हीला जोडलं. जिजीने आधी नाक मुरडलं, मग रिमोट हातात घेऊन पाहिला आणि मग तो सोडलाच नाही. तिचे हात मुळातच चपळ. माझ्या हातात रिमोट आला की पडद्यावरची मुलगी भिंतीवर जाऊन आपटे. म्हणून वाटणी आपोआप झाली. जिजी खेळायची, मी वाचायचो. गेममधली माणसं इंग्रजीत बोलत, खाली अक्षरं येत. जिजीचं इंग्रजी बेताचं. मी प्रत्येक संवाद मराठीत सांगायचो, शक्य तितका नीट, ज्याच्या तोंडी आहे त्याला शोभेल असा.

गोष्ट अशी होती. एका गावाची नदी आटते. त्या गावातली एक तिरंदाज मुलगी नदीच्या उगमाकडे निघते. वाट दाखवायला तिच्याबरोबर एक म्हातारा असतो. त्याच्या तोंडावर लाकडी मुखवटा. तो मुखवटा कधी काढत नाही, आणि तो मुलीला उगमाकडे नेतोय की भलतीकडेच, हे शेवटपर्यंत कळत नाही. वाटेत राक्षस होते, बुडालेली गावं होती, बोलणारे दगड होते. पण आम्हाला दोघांनाही खरी ओढ त्या म्हाताऱ्याची लागली होती.

नियम जिजीनेच केला. आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. मी वाचक, ती श्रोता. अध्याय अर्धा सोडायचा नाही, पुढचं पान चाळायचं नाही, आणि ऐकणारा घरात नसेल तर पोथी उघडायची नाही. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "हे बघ, हेपण पोथीसारखंच. दोघं असल्याशिवाय मशीन लावायचं नाही. शपथ?" मी म्हटलं, शपथ. अध्याय संपला की ती उठून दराब्याचा, आमच्याकडच्या त्या रवा-तुपाच्या गोडाचा, चमचाभर प्रसाद माझ्या हातावर ठेवायची आणि स्वतःच हसायची. समाप्तीला मावा जिलबी आणायची असंही ठरलं होतं.

तिन्हीसांजेचा दिवा लागला, चहा झाला, की आम्ही बसत असू. लायब्ररीत दिवसभर पुस्तकांच्या पाठी बघत बसलेल्या माणसाला रोज संध्याकाळी कुणीतरी वाट बघत असलेली गोष्ट घरी मिळावी, हे सुख मला उशिरा मिळालं. कोण कसं बोलेल, याचे शब्द मी दुपारीच मनात जुळवत असे. म्हाताऱ्याची भाषा मी जरा जुनी ठेवली होती, आमच्या आजोबांच्या वळणाची.

जिजीचा त्याच्यावर पहिल्यापासून राग. "ढोंगी आहे मेला. तोंड लपवतो तो माणूस सरळ नसतोच." ती मुलीला पळवत पुढे न्यायची. म्हातारा मागून हाक मारायचा, 'थांब पोरी, मी येतोय.' ती थांबायची नाही. मग होळीनंतर कधीतरी ती थांबायला लागली. म्हातारा चढावर मागे पडला की ती मुलीला वाटेत उभी करायची आणि तो पोचेपर्यंत हलायची नाही.

मी म्हटलं, "आज शिट्टी नाही वाजवली? एवढा धीर कुठून आला?"

"म्हातारा आहे रे बिचारा," ती म्हणाली.

शेवटचा अध्याय एका दगडी दारापलीकडे होता. त्या दाराशी आम्ही उन्हाळाभर अडकून पडलो. जिजी दार उघडायचीच नाही. जवळच्या डोहात मासे धरत बसायची. गेममध्ये मासेही धरता येत. मी म्हणायचो, चल ना आता. ती म्हणायची, "तुला कसली घाई? मासे मिळतायत ना." मला वाटलं, तिला गोष्ट संपायला नको आहे. मलाही नको होती. आणि मग आषाढ आला.

दहाव्याला आम्ही तापीवर गेलो. पिंड ठेवला, बाजूला सरकलो. कावळे समोरच्या झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. मधली बहीण हात जोडून म्हणाली, "जिजी, भावाची काळजी करू नको, मी बघेन त्याच्याकडे." कावळा हलला नाही. तिचे यजमान म्हणाले, "चहा ठेवा हो थोडा, चहाशिवाय ती कुठे जायची नाही." चहा ठेवला. तरी नाही. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दर्भाचा कावळा करून टाकायचा का?"

मला ठाऊक होतं काय राहिलंय ते. ती गेली त्या दिवसापासून मला तेवढं एकच डाचत होतं. भेटायला येणाऱ्यांना ते सांगता येत नव्हतं. साठी उलटलेली बाई एका गेमचा शेवट न कळता गेली, हे कुणाला सांगणार? मी पिंडाजवळ वाकलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "जिजी, गोष्ट मी पुरी करीन. शेवट तुला वाचून दाखवीन."

मी मागे सरलो आणि कावळा शिवला. मधली बहीण रडायला लागली. मीही रडलो, आणि त्या रडण्यात समाधान होतं हे मी नाकारत नाही.

तेरावं झाल्यावर भाची आली. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, महिन्याच्या दिवशी तू खेळ, मी वाचतो, फोटो समोर ठेवू. मावा जिलबीही आणतो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मामा, आता काय सांगू तुम्हाला. मावशीचं ते पूरा झालं होतं ना."

"काय पुरं झालं होतं?"

"गेम. होळीच्या आधीच. तुम्ही कॉलेजला असायचे ना, तर आम्ही दुपारून लावायचो. मला वाटलं, शेवटी तरी त्यांनी सांगितलं असेल तुम्हाला."

"आणि वाचत कोण होतं?"

"मी. हिंदीत सांगायची, फटाफट. मावशी म्हणायची, तुझा मामा एक डायलॉग सांगेपर्यंत चहा गार होतो." ती हसली आणि लगेच सावरली. "मजाकमध्ये म्हणायची हो."

मी विचारलं, मग संध्याकाळी माझ्याबरोबर ती काय करत होती?

"तेच पुन्हा, मागून. तुमचा गेम अलग सेव्ह केलेला होता ना. त्यांनीच मला कसम घातली होती, मामाला बोलायचं नाही म्हणून. आणि दाराशी तुम्ही थांबलेले ना, मी म्हटलं मावशी, आता खोला ना दरवाजा. तर म्हणे, त्याला तो शेवट झेपायचा नाही, राहू दे थोडे दिवस."

लहानपणी जिजी माझ्या भरितातल्या मिरच्या वेचून काढायची. ताट माझ्यापुढे यायचं तेव्हा त्यात मिरची कधी होती हेसुद्धा मला कळत नसे. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या ताटातही तिने तेच केलं. मिरच्या मात्र दुपारी स्वतः खाऊन बसली.

"सांगू का शेवट?" भाचीने विचारलं.

"नको."

"मग लावते मी. तुम्ही वाचा."

"नको म्हटलं ना."

ती गेल्यावर मी एकेक संध्याकाळ पुन्हा काढून बघायला लागलो. बुडालेल्या गावात मुलीला तिच्या आईचं घर सापडतं तो भाग. पाण्याखाली चूल तशीच असते. मी तो संवाद सांगताना अडखळलो होतो आणि जिजीने ओढणी डोळ्यांना लावली होती. ते तिने आधी पाहिलेलं होतं. हिंदीत ऐकलेलं होतं. मी पुस्तकांतला माणूस आहे. दुसऱ्या वाचनाला पहिल्याहून जास्त रडू येतं हे मला कुणी शिकवायला नको. तरी तिची ती ओढणी आठवते आणि ती कशासाठी होती हे मला ठरवता येत नाही. विचारायला ती नाही.

मला राग शपथ मोडल्याचा तितकासा नाही. पोथीचं पुढचं पान कुणीही चोरून चाळतं. राग आहे तो तिच्या 'मग काय झालं?'चा. मी वाक्य अर्धं सोडून चहाचा घोट घेतला की ती पुढे झुकून विचारायची, "मग? मग काय झालं?" त्या एका प्रश्नासाठी मी दुपारभर शब्द निवडत होतो. तिला काय झालं ते माहीत होतं.

आणि कावळा. जी इच्छा तिची नव्हतीच, ती ऐकून तो कसा शिवला? कदाचित त्याला भूक लागली असेल. कदाचित माणसं बाजूला व्हायचीच वाट तो बघत असेल. त्या दिवशी तापीवर अतृप्त कोण होतं, हे आता मला कळतं. पिंड तिच्या नावाचा होता, इच्छा माझी होती.

ती म्हाताऱ्यासाठी थांबायला लागली होती, हेही आठवतं. आता त्याचा अर्थ लावता येतो. तो ढोंगी नसणार. तो उगमापर्यंत पोचत नसणार. मी तिथवर विचार करतो आणि थांबतो.

श्रावणात पोथी काढली नाही. भाची म्हणाली, मशीन घेऊन जाऊ का? मी म्हटलं, असू दे. ती अजून दुपारी येते, पण टीव्ही लावत नाही. एकदा मी एकट्याने लावून पाहिलं. मुलगी दाराशी उभी होती. म्हातारा दगडावर बसला होता. मी रिमोट दाबला तर ती डोहात पडली. मी मशीन बंद केलं.

मशीन टीव्हीखालच्या फळीवर आहे. शिट्टी खुंटीला आहे. गोष्टीचा शेवट जिजीला माहीत होता, भाचीला माहीत आहे, मला माहीत नाही. कावळ्याला दिलेला शब्द बाकी आहे.